शाळेचा टॅब नाहीतर लॅपटॉप घरी येतोय? मग आधी हे वाचून घ्या

शाळेकडून टॅब किंवा लॅपटॉप मिळणार म्हटलं की पोरगं हवेत असतं आणि आईबाबांना आधीच घाम फुटलेला असतो, की हे फुटलं तर भरपाई कोण देणार. मी शाळेत याच डिव्हाइसेसचं वाटप, परत जमा करून घेणं आणि दुरुस्तीला पाठवणं बघते, आणि माझ्या घरातही शाळेचा एक लॅपटॉप नांदतोय, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू चांगल्या माहितीच्या झाल्यात. दरवेळी नवीन पालक तेच प्रश्न विचारतात आणि तेच घोळ होतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते. नवीन शिक्षक असाल आणि वर्गाची जबाबदारी गळ्यात पडली असेल तरी उपयोगी पडेल.

एक आधीच सांगते. माझ्या टेबलावर येणारी बहुतेक डिव्हाइसेस दंगामस्तीत आपटलेली नसतातच. झाकण लावताना आत पेन्सिल राहिली, दप्तरात खाली दबला, वायरीत पाय अडकला, असल्या रोजच्या साध्या क्षणांत ती जातात. आणि मग पोरगं घाबरून ते लपवतं, हे सगळ्यात वाईट. त्यामुळे मुलाला दिवसभर "जपून वापर, जपून वापर" ऐकवून फारसं काही होत नाही, ते चार-पाच क्षण तेवढे सांभाळायला शिकवले की बरंच काम झालं.

आधी एवढं गोळा करून ठेवा

- शाळेने दिलेल्या करारपत्राची प्रत, तुमची सही असलेली
- डिव्हाइसचा सिरीयल नंबर आणि शाळेच्या स्टिकरवरचा नंबर, दोन्हीचा फोटो
- सिमवाला टॅब असेल तर त्याचा आयएमईआय, म्हणजे त्या टॅबचा स्वतःचा ओळख नंबर
- डिव्हाइस मिळाल्या दिवशी काढलेले सगळ्या बाजूंचे फोटो
- शाळेत बिघाड कुणाला कळवायचा त्यांचा फोन किंवा ईमेल
- विमा घेतला असेल तर त्याची पावती
- मऊ मायक्रोफायबर कापड, चष्म्याबरोबर मिळतं तसलं
- आतून मऊ कप्पा असलेलं दप्तर किंवा वेगळं स्लीव्ह

कागद फाइलीत ठेवा आणि फोनमध्येही ठेवा, कारण ऐन वेळी फाइल सापडत नाही. फोटो मात्र त्या डिव्हाइसमध्येच ठेवू नका हो, ते हरवलं तर फोटोही गेले! हसू नका, असं करणारे भेटतात.

१. हातात घेताना तिथल्या तिथे तपासा

पदरी पडलं पवित्र झालं म्हणून तसंच दप्तरात टाकून घरी येऊ नका. आधीच्या वर्षी दुसऱ्या मुलाने वापरलेलं डिव्हाइस तुमच्या मुलाला मिळू शकतं, आणि त्याच्या जुन्या खुणा तुमच्या नावावर चढू नयेत एवढीच काळजी घ्यायची.

स्क्रीन बंद असताना तिरक्या उजेडात बघा, केसासारखी बारीक चीर चालू स्क्रीनवर दिसत नाही पण काळ्या काचेवर तिरका उजेड पडला की चमकते. चारही कोपरे बोटाने चाचपा. लॅपटॉप असेल तर झाकण सावकाश उघडून बघा, बिजागरी एका बाजूने कुरकुरते का, झाकण लावल्यावर दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का. चार्जर तिथेच लावून चार्जिंगची खूण येते का बघा आणि प्लग किंचित हलवून बघा, लगेच तुटक तुटक चार्जिंग व्हायला लागलं तर पोर्ट आधीच सैल झालंय. सगळी बटणं, कॅमेरा, आवाज, हेडफोनची जागा. पाच मिनिटांचं काम आहे.

काही सापडलं तर देणाऱ्याला दाखवून कागदावर लिहून घ्या. तोंडी "हो हो, माहितीये आम्हाला" यावर विसंबू नका, वर्षअखेरीला जमा करून घेणारा माणूस वेगळा असू शकतो आणि त्याला काहीच माहिती नसतं.

२. करारपत्र सही करण्याआधी वाचा

लांबलचक असतं, भाषा रुक्ष असते, आणि मागे रांग लागलेली असते, त्यामुळे सगळे डोळे झाकून सही करतात. पण यातल्या तीन-चार ओळीच महत्त्वाच्या असतात, तेवढ्या शोधा. अपघाताने फुटलं तर काय आणि निष्काळजीपणाने फुटलं तर काय, हा फरक शाळा कसा ठरवते? चोरी झाली तर पोलिसांत तक्रार किती दिवसांत करायची? चार्जर, पेन, कव्हर हे वेगळं धरतात का? बाहेरगावी न्यायला परवानगी आहे का? आणि दुरुस्ती चालू असताना बदली डिव्हाइस मिळतं का, हे तर नक्की विचारा, परीक्षेच्या तोंडावर नेमकी हीच गोष्ट अंगाशी येते.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे बाहेरच्या दुकानातून दुरुस्ती. "जाऊ दे, आपणच गुपचूप काच बदलून आणू, शाळेला कशाला सांगायचं" असं वाटतं, मनाला पटतंही, पण बाहेर एकदा उघडलं की बऱ्याचदा वॉरंटी आणि विमा दोन्हीवर पाणी सोडावं लागतं, शिवाय ते डिव्हाइस मुळात तुमच्या मालकीचं नाही. शाळेच्या माणसाला स्क्रू काढल्याच्या खुणा लगेच कळतात. करू नका.

३. घरात त्याची एक जागा ठरवा

घरी आल्यावर डिव्हाइस कुठे ठेवायचं हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि रोज तिथेच. टेबल, कपाटाचा कप्पा, काहीही चालेल, फक्त ती जागा गुडघ्याच्या वर असावी, पाण्यापासून आणि उन्हापासून लांब असावी, आणि जवळ प्लग पॉइंट असावा. पलंग, सोफा आणि जमीन या तीन जागांवर बंदी घाला. पलंगावर माणूस बसतो आणि खाली टॅब आहे हे त्याला बसल्यावर कळतं, आणि लॅपटॉपच्या खालची हवेची जाळी गादीत बंद होते, मग तो तापतो आणि पंखा किंचाळायला लागतो. जमिनीवरच्या डिव्हाइसवर कधी ना कधी पाय पडतोच.

चार्जिंग त्याच जागी. हल्लीच्या सगळ्या डिव्हाइसेसमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते आणि तिला दोन गोष्टी सोसत नाहीत, एक उष्णता आणि दुसरी कायम काठोकाठ भरलेली किंवा कायम रिकामी अवस्था. दोन्ही एकत्र आल्या, म्हणजे १०० टक्के भरलेली बॅटरी गरम जागी पडून राहिली, की ती लवकर म्हातारी होते. म्हणून जमेल तेवढं २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये ठेवा, पण त्याचा ध्यास घेऊ नका, मुलाला सकाळी पूर्ण चार्ज घेऊन शाळेत जायचंय तर ते जास्त महत्त्वाचं. काही नव्या डिव्हाइसेसमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची किंवा सवय ओळखून सावकाश चार्ज करायची सोय असते, शाळेने ती चालू ठेवली असेल तर छेडू नका.

तापमानाचा एक आकडा लक्षात ठेवा, आयपॅडसाठी अ‍ॅपल ० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरा असं सांगतं. बाकीच्यांचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचं तापमान हे सगळे आकडे सहज ओलांडतं, तेव्हा "पाचच मिनिटं" म्हणूनसुद्धा गाडीत ठेवू नका. आणि उशीखाली, पांघरुणात चार्जिंग तर अजिबात नाही, इथे प्रश्न बॅटरीचा नाही, आगीचा आहे.

४. झाकण, दप्तर आणि दोन हात

हा भाग जरा निवांत वाचा, कारण स्क्रीन जातात त्या इथेच.

झाकण. लॅपटॉप बंद करताना कीबोर्डवर काय पडलंय ते बघायची सवय लावा. पेन्सिल, इअरफोन, खोडरबर, पेनड्राइव्हचं टोपण, यातलं काहीही. झाकण आणि कीबोर्ड यांच्यामध्ये जागा जवळजवळ नसतेच, त्यामुळे पेन्सिल आत राहिली आणि झाकण दाबलं की सगळा जोर एका रेषेवर येतो. अशी स्क्रीन माझ्याकडे आली की मी ती कीबोर्डवर परत टेकवून बघते: मध्ये एक ठिपका, त्यातून चारी दिशांना गेलेल्या चिरा, बाजूला शाई सांडल्यासारखा काळा डाग जो रोज थोडा थोडा पसरतो, आणि तो ठिपका बरोबर स्पेसबारच्या वर येतो, जिथे मुलं पेन्सिल ठेवतात. मुलगा सांगत असतो "मी काहीच केलं नाही, उघडला तर असाच होता" आणि तो खरंच बोलत असतो! बंद करताना फुटला, कळलं उघडताना.

याच कारणासाठी कॅमेऱ्यावर प्लास्टिकची सरकती पट्टी चिकटवू नका. २०२० मध्ये अ‍ॅपलने मॅकबुकबद्दल खास सूचना काढली होती की कॅमेऱ्यावर झाकण लावून लॅपटॉप बंद केला तर डिस्प्लेला इजा होऊ शकते, आणि लावायचंच झालं तर साध्या कागदापेक्षा, म्हणजे ०.१ मिलिमीटरपेक्षा, जाड नको. बऱ्याच लॅपटॉपला मूळचंच छोटं शटर असतं, आधी ते शोधा.

उघडताना झाकण मधोमध धरायचं, कोपऱ्याला धरून ओढलं की सगळा पीळ एकाच बिजागरीवर येतो आणि काही महिन्यांनी ती बाजू फाटते.

दप्तर. डिव्हाइस पाठीच्या बाजूच्या कप्प्यात, उभं, आणि वह्या-पुस्तकं त्याच्या पुढे. पाण्याची बाटली बाहेरच्या जाळीत, कधीच आत नाही, टोपण कितीही घट्ट असो. आणि दप्तर टाकायचं नाही, ठेवायचं. मुलं घरात शिरली की दप्तर खांद्यावरून सोडून देतात, ते धप्पकन खालच्या कडेवर आपटतं, आणि त्या कडेवरच तुमचा टॅब उभा असतो. कप्प्याच्या तळाशी जाड फोमचा तुकडा घाला, इतका साधा उपाय आहे पण फार कमी लोक करतात. बसमध्ये दप्तर मांडीवर. कुणी दप्तरावर बसायचं नाही, हे मित्रांनाही सांगून ठेवायला सांगा.

हात. चालताना झाकण बंद आणि दोन हात. उघडा लॅपटॉप स्क्रीनला धरून या खोलीतून त्या खोलीत नेणं ही लहान-मोठ्या सगळ्यांची सवय, तीच मोडायची. शाळकरी मुलांसाठी म्हणून मुद्दाम बनवलेला एक्सओ नावाचा लॅपटॉप होता, 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचा, २००७ च्या सुमारास मुलांच्या हातात आला, त्याला चक्क मूठ होती आणि कीबोर्डवर रबराचं सलग आवरण होतं. बनवणाऱ्यांनी ओळखलं होतं की मूल ते उचलणार आणि त्यावर काहीतरी सांडणार. आपल्याकडच्यांना मूठ नाही, तेव्हा दोन हात हीच मूठ.

आता "मिलिटरी ग्रेड"बद्दल. शाळेच्या बऱ्याच लॅपटॉपवर एमआयएल-एसटीडी-८१०, म्हणजे अमेरिकी सैन्याचं टिकाऊपणाच्या चाचण्यांचं मानक, असं लिहिलेलं असतं आणि पालकांना वाटतं की आता चिंता मिटली. या मानकातल्या पडण्याच्या चाचणीत साधारण १.२२ मीटर उंचीवरून, म्हणजे टेबलापेक्षा बरंच वरून, कडा, कोपरे, बाजू अशा २६ प्रकारे पाडतात, पण ते २६ वेळा पाडणं पाच नगांत वाटून घ्यायची मुभा असते आणि खाली बऱ्याचदा प्लायवूड असतं. एकच लॅपटॉप वर्षभर फरशीवर पडत राहिला तर काय होईल याची ही चाचणी नाही. कव्हर घाला, आणि काठ स्क्रीनपेक्षा थोडे वर आलेलं घाला, नाहीतर पालथं पडल्यावर काचच आधी टेकते.

हे सगळं मुलाला भाषण देऊन होत नाही. एकदा बसवून त्याच्याकडून करून घ्या, झाकण लाव, बघ काही राहिलंय का, दप्तरात घाल, दोन हातांनी ने. लहान मुलाला चित्रं काढून कागद त्या जागेशेजारी चिकटवला तर ते तुम्हालाच दटावायला लागेल, हा वेगळा त्रास.

५. चार्जर आणि ते बारीक पोर्ट

यूएसबी-सी पोर्टमध्ये डोकावून बघा, मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्यावर २४ संपर्क पिना असतात. प्लग वाकडा घुसवला किंवा वायरीत पाय अडकून तिरका ओढला गेला की तीच जीभ मोडते, मग काही मॉडेल्समध्ये चक्क मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्डच, बदलावा लागतो. म्हणून वायर येण्याजाण्याच्या वाटेवरून न्यायची नाही, आणि काढताना वायर नाही, प्लग धरून सरळ ओढायचा. चार्जिंग चालू असताना डिव्हाइस मांडीवर घेऊन लोळायचं नाही.

वायर अडॅप्टरभोवती घट्ट गुंडाळू नका. अडॅप्टरमधून वायर जिथे बाहेर येते त्या मानेजवळ आधी ती पिवळसर आणि चिकट होते, मग आवरण फाटून आतली चंदेरी जाळी दिसते. जाळी दिसली की वापर बंद, सेलोटेप लावून वेळ मारून नेऊ नका. मोठे सैल वेटोळे करा, बस.

फोनचा चार्जर लावला तर चालतो का, हा कायमचा प्रश्न. शाळेच्या लॅपटॉपचा चार्जर बहुतेकदा ४५ किंवा ६५ वॉटचा असतो, फोनचा साधा चार्जर त्याहून बराच कमी, त्यामुळे लॅपटॉप एकतर रडतखडत चार्ज होतो नाहीतर होतच नाही आणि लोक म्हणतात बॅटरी गेली. अडॅप्टरवर बारीक अक्षरात वॉट लिहिलेले असतात, ते जुळवा. बिनानावाचे चार्जर नकोतच.

चार्जिंग होत नाहीये आणि प्लग पूर्ण आत बसत नाही असं वाटलं तर पोर्टमध्ये दप्तरातला कापूस-कचरा भरलेला असू शकतो. डिव्हाइस बंद करा, टॉर्चने बघा, आणि लाकडी टूथपिकने कडेकडेने हलक्या हाताने बाहेर काढा. सुई, टाचणी, यूपिन नाही. हात थरथरत असेल तर शाळेत द्या. आणि चार्जरवर मुलाचं नाव टाका, वर्गात सगळ्यांचे चार्जर सारखे असतात आणि संध्याकाळी भलताच घरी येतो.

६. साफसफाई

थोडक्यात. बंद करा, चार्जर काढा, मऊ कापड किंचित ओलं करून पुसा. चिकट डाग असेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा वाइप चालतो. पाणी किंवा काही फवारायचं असेल तर कापडावर, स्क्रीनवर थेट कधीच नाही. काच पुसायचा घरातला स्प्रे, ब्लीच, टिश्यू पेपर, शर्टाची बाही हे सगळं नको. कीबोर्डमधला कचरा लॅपटॉप तिरका धरून हलक्या हाताने झटका.

स्टिकर लावायची हौस असेल तर कव्हरवर लावा. शाळेचं नंबरचं स्टिकर खरवडलं तर उगाच शंकेला जागा होते.

७. पाणी सांडलं तर

पहिल्या मिनिटात जे कराल त्यावर सगळं असतं, म्हणून हा क्रम मुलाकडूनही पाठ करून घ्या:

- चार्जर लावलेला असेल तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग प्लग काढा
- पॉवरचं बटण दाबून धरा, पूर्ण बंद होईपर्यंत, फाइल सेव्ह करायच्या भानगडीत पडू नका
- लॅपटॉप उघडा ठेवून पालथा घाला, कीबोर्ड खाली तोंड करून टेबलाच्या कडेवर आणि स्क्रीन कडेखाली लोंबती, म्हणजे पाणी आल्या वाटेने खाली येईल
- वरवरचं पाणी कापडाने टिपा, घासू नका, हलवून झटकू नका
- चालू करून बघू नका. चार्जर लावून बघू नका. हे दोन मोह आवरणं सगळ्यात अवघड
- शाळेला कळवा

हेअर ड्रायर नको, गरम हवा पाणी आणखी आत ढकलते. आणि तांदळाच्या डब्यात पुरून ठेवणं तर नकोच नको, अ‍ॅपलने २०२४ मध्ये ओल्या आयफोनबद्दलच्या सूचनांत स्पष्ट लिहिलंय की तांदूळ वापरू नका, त्याचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. कोरडं दिसलं तरी आत गंज चढायला लागलेला असू शकतो, आज चालतोय म्हणून सुटलो असं नसतं, आठवड्याने एकेक की बंद पडायला लागते. साखरेचं पेय असेल तर अजून वाईट, ते वाळल्यावर चिकटतं.

खोटं बोलून फायदा नाही हेही सांगून ठेवते. बऱ्याच डिव्हाइसेसच्या आत पाण्याने रंग बदलणारी छोटी पट्टी असते, पांढरीची लाल होते. दुरुस्तीवाला उघडल्या उघडल्या आधी तीच बघतो.

८. पासवर्ड, अकाउंट आणि "ते लॉक काढता येतं का?"

डिव्हाइस फक्त बाहेरून सांभाळून भागत नाही. पासवर्ड मुलाने मित्राला द्यायचा नाही, जिवलग असला तरी, कारण त्या अकाउंटवरून जे काही होईल ते त्याच्याच नावावर लागतं. वर्गात उठून जाताना स्क्रीन लॉक करायची, विंडोजवर विंडोज की आणि एल, क्रोमबुकवर, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपवर, सर्च की आणि एल. मुलं हे शॉर्टकट झटकन शिकतात, आपल्यालाच वेळ लागतो.

आता तो प्रश्न. शाळेचं डिव्हाइस शाळेच्या यंत्रणेला जोडलेलं असतं, काय इन्स्टॉल होईल, कुठल्या साइट उघडतील हे तिथून ठरतं. मोठी मुलं व्हीपीएन, म्हणजे अडवलेल्या साइट आडवाटेने उघडून देणारं अ‍ॅप, टाकून नाहीतर सगळं पुसून रीसेट मारून यातून सुटायला बघतात. नीट नोंदवलेलं क्रोमबुक किंवा आयपॅड रीसेट केलं तरी पुन्हा इंटरनेटला लागताच शाळेच्याच ताब्यात जातं, फक्त मधल्या मध्ये डाउनलोड्समधलं सगळं उडतं. म्हणजे लॉक तसंच आणि प्रोजेक्ट गेला. म्हणून काम कायम शाळेच्या ऑनलाइन ड्राइव्हवर ठेवायचं, डाउनलोड्समध्ये नाही, मग उद्या डिव्हाइस बदलून मिळालं तरी काही अडत नाही.

पालकांनो, तुम्हीही यावर स्वतःचं बँकेचं काम, ईमेल, कार्डाचे नंबर, घरचे फोटो असलं काही करू नका. शाळेच्या अकाउंटवर काय उघडलं हे शाळेला दिसू शकतं, आणि ते त्यांचं डिव्हाइस आहे. धाकट्याला कार्टून बघायलाही देऊ नका. अभ्यास संपला की डिव्हाइस जागेवर, हा नियम मोठ्यांनी मोडला की मग कुणीच पाळत नाही.

अपडेट आलं की "नंतर" दाबत बसू नका, रात्री जागेवर ठेवताना रीस्टार्ट करून ठेवा. आणि डिव्हाइस अडकलं, स्क्रीन काळी झाली, तर मेलं असं जाहीर करण्याआधी अर्धा तास चार्जिंगला लावा आणि मग सुरू करून बघा. क्रोमबुकला रिफ्रेशची की दाबून धरून पॉवरचं बटण दाबलं की बऱ्याचदा जिवंत होतं.

९. पडलं, फुटलं, फुगलं, हरवलं

इथे मला सगळ्यात जास्त तळमळीने सांगायचंय. झाकली मूठ सव्वा लाखाची असते म्हणतात ना, इथे नेमकं तेच महागात पडतं. कोपऱ्यात बारीक चीर गेलेला टॅब त्याच दिवशी आणून दिला तर काच बदलून भागण्याची शक्यता असते. तोच घाबरून तसाच वापरला तर चीर सरकत जाते, टचला मार लागतो, कडेने धूळ-ओल आत जाते, आणि मुलाच्या बोटाला काच लागते ती वेगळीच. वर शाळेच्या नियमात उशिरा कळवणं म्हणजेच निष्काळजीपणा असं लिहिलेलं असू शकतं.

मुलं का लपवतात? कारण पहिल्या दिवशी आपणच बजावलेलं असतं, "हे फुटलं तर बघ मग". त्याऐवजी पहिल्याच दिवशी असं सांगून बघा: फुटलं तर मला त्याच दिवशी सांगायचं, ओरडणार नाही, आपण दोघं मिळून शाळेत जाऊ. आणि मग खरंच ओरडू नका, एकदा ओरडलात की पुढचं काही तुमच्या कानावर येणार नाही. नियम मोडला असेल तर त्याची शिक्षा वेगळी, सांगण्याची शिक्षा नको. वर्गशिक्षकांनाही हेच, चार पोरांसमोर झापलेलं मूल पुन्हा तुमच्याकडे येत नाही.

कळवताना काय लिहायचं? कधी झालं, कुठे झालं, काय झालं, आता काय दिसतंय, फोटो आणि स्टिकरवरचा नंबर. दोन-तीन वाक्यं पुरतात, स्पष्टीकरणाचं पुराण नको. काच फुटली असेल तर वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावून पिशवीत घालून न्या.

फुगलेली बॅटरी ही वेगळी गोष्ट आहे. टॅबची काच एका बाजूने उचलल्यासारखी दिसते, लॅपटॉपचा टचपॅड वर येतो किंवा क्लिक होत नाही, टेबलावर ठेवला की डुलतो. असं काही दिसलं तर बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू तर मुळीच नका, आणि जळणाऱ्या वस्तूंपासून लांब कडक जागेवर ठेवून शाळेला लगेच फोन करा. बसमधून दप्तरात घालून मुलाबरोबर पाठवू नका.

हरवलं किंवा चोरीला गेलं तर आधी शाळेला फोन, मग बाकी शोधाशोध. शाळा लांबूनच ते लॉक करू शकते, क्रोमबुक बंद करून त्यावर "इथे परत करा" असा मेसेज टाकता येतो, शाळेच्या ताब्यातल्या आयपॅडला हरवल्याचा मोड लावता येतो. पण डिव्हाइस इंटरनेटला लागेल तेव्हाच हे लागू पडतं, म्हणून जितकं आधी सांगाल तितकं बरं. चोरी असेल तर पोलिसांतली तक्रार सिरीयल नंबरसकट करा, तो नंबर फोटोत आहेच तुमच्याकडे. मुलाच्या अकाउंटचा पासवर्डही त्याच दिवशी बदला.

१०. लांब सुट्टी आणि परत करताना

सुट्टीत महिना-दीड महिना वापर होणार नसेल तर साधारण ५० टक्के चार्ज करून, पूर्ण बंद करून, थंड कोरड्या जागी ठेवा. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर इतकी खाली जाते की नंतर उठतच नाही, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी माझ्या टेबलासमोर रांग लागते ती याचीच.

परत देण्याआधी आठवडाभर तरी तयारी सुरू करा. मुलाचं काम दुसऱ्या अकाउंटवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या, शाळा सोडत असाल तर हे विसरूच नका, अकाउंट बंद झालं की तिथलं सगळं हाताबाहेर जातं. चुकून स्वतःचं अ‍ॅपल किंवा गूगलचं अकाउंट त्यावर टाकलं असेल तर त्यातून बाहेर पडा, नाहीतर टॅब तुमच्या अकाउंटला लॉक होऊन राहू शकतो आणि शाळेचा फोन भर सुट्टीत येतो. रीसेट मात्र स्वतःहून मारू नका, शाळेने सांगितलं तरच.

चार्जर, पेन, कव्हर जे जे मिळालं होतं ते करारपत्राच्या प्रतीशी ताडून एका पिशवीत घाला, चार्जर आपलाच आहे ना ते नाव बघून. पहिल्या दिवशी काढले तसेच फोटो पुन्हा काढा. जमा करताना समोर तपासून घ्यायला सांगा, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका, त्यात चार्जरची वेगळी नोंद आहे ना हे तिथेच बघा, कारण नंतर फोन येतो तो जवळपास नेहमी चार्जरसाठीच.